वीतभर

तुमच्यापैकी बहुतेकांनी गोल्फचं मैदान कुंपणाबाहेरूनच पाहिलं असेल. रिक्षातून जाताना जाळीपलीकडे हिरवंगार गवत दिसतं, टोप्या घातलेली चार माणसं सावकाश चालताना दिसतात, आणि सिग्नल सुटतो. मीही सतरा वर्षांचा होईपर्यंत ते तसंच पाहिलं. आमची वस्ती शहरातल्या एका जुन्या क्लबाच्या भिंतीला लागून होती. कधीतरी एखादा बॉल भिंतीवरून आमच्या पत्र्यावर येऊन पडायचा. टण्ण आवाज आला की पोरं धावत सुटायची. चांगल्या बॉलचे दहा रुपये मिळायचे.

बारावीला मी गणितात उडालो. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत घरी बसून वडिलांच्या शिव्या खाण्यापेक्षा चार पैसे मिळव, असं म्हणून संत्या मला क्लबाच्या मागच्या गेटने कॅडी शेडमध्ये घेऊन गेला. संत्या माझ्यापेक्षा वर्षाने मोठा. दोन वर्षांपासून तो बॅगा उचलत होता. दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून गेलेला मी पुढे साडेतीन वर्षं तिथे होतो.

कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर अठरा होल चालणारा माणूस. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या. पण ओझं उचलणं हे अर्धंच काम. बॉल कुठे पडला ते बघणं, किती अंतर राहिलं ते सांगणं, ग्रीनवर उतार कुठे वळतोय ते ओळखणं, हे खरं काम. संत्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब आभाळात बघतो. आपण बॉलकडे बघायचं."

मी खूप बघितलं. आणि एका दिवशी जे केलं, ते दुसऱ्याने बघितलं. त्याबद्दल हे लिहितोय. मित्रासाठी खोटं वागणं ही मैत्री आहे का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

पंच नसलेला खेळ

क्रिकेटमध्ये अंपायर असतो, थर्ड अंपायर असतो, स्निको असतो. कॅच घेताना बॉल जमिनीला लागला का हे बघायला चार कॅमेरे लागतात. गोल्फमध्ये मोठ्या स्पर्धा सोडल्या तर तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणी नसतं. तुमचा बॉल झाडीत गेला की तुम्ही एकटे झाडीत जाता. तिथे काय झालं, किती फटके मारले, हे बाहेर येऊन तुम्हीच सांगायचं. चूक झाली असेल तर दंडही स्वतःच स्वतःला लावायचा.

हे मला ज्यांनी समजावलं त्यांना मी इथे साहेबच म्हणतो, कारण तेव्हा तेच म्हणत होतो. ते सत्तरीच्या आतबाहेर होते, निवृत्त इंजिनिअर. बायको गेलेली, मुलगी परदेशात. आठवड्यातून चार दिवस सकाळी साडेसहाला यायचे. पहिले काही महिने आलटून पालटून कोणीही कॅडी घ्यायचे, मग कॅडी मास्टरला सांगून माझाच नंबर लावायला लागले. चालताना बोलायची त्यांना सवय होती. मला ऐकायची नव्हती, ती लागली.

त्यांची आवडती गोष्ट बॉबी जोन्सची. हा अमेरिकन माणूस आयुष्यभर हौशी खेळाडू राहिला आणि तरी त्याच्या काळातला सगळ्यात मोठा गोल्फर होता. १९२५ची यूएस ओपन. पहिल्याच फेरीत त्याचा बॉल उंच गवतात होता. फटका मारण्याआधी काठी टेकवताना बॉल किंचित हलला, असं त्याला वाटलं. दुसऱ्या कोणीही ते बघितलं नव्हतं. त्याने स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला. चार फेऱ्यांनंतर तो आणि विली मॅकफार्लन बरोबरीत आले, प्लेऑफ झाला, आणि जोन्स एका फटक्याने हरला. तो दंड लावला नसता, तर प्लेऑफची वेळच आली नसती.

साहेब ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "लोकांनी कौतुक केलं ते त्याला आवडलं नाही. यात कौतुक कसलं, असंच त्याला वाटत होतं." मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, याच्या पोटात भूक नसणार. जिंकण्या-हरण्यावर याचा किराणा अवलंबून नसणार.

सोमवार

सोमवारी क्लब सभासदांना बंद असायचा. गवताची कामं चालायची, आणि दुपारी दोननंतर कॅडींना खेळायची मुभा होती. हाच आमचा सण.

आमच्याकडे बॅग नव्हती. सात-आठ जणांत मिळून चार काठ्या होत्या. त्यातली एक सात नंबरची आयर्न, मुठीजवळ तुटलेली आणि सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली. एकाने मारलं की काठी दुसऱ्याकडे. बॉल तळ्यातून काढलेले. संत्या अनवाणी खेळायचा, म्हणायचा, बुटात जमीन कळत नाही. त्याचा स्विंग कोणी शिकवलेला नव्हता, पण कॅडी मास्टरसुद्धा चहा हातात घेऊन बघत उभा राहायचा.

त्या दुपारच्या आठवणी माझ्याकडे अजून जशाच्या तशा आहेत. पावसाळ्यात तिसऱ्या होलच्या ओढ्यात पाय सोडून खाल्लेला वडापाव. नवव्या ग्रीनवर अंधार पडल्यावर एकाने मोबाईलचा टॉर्च होलमध्ये धरायचा आणि दुसऱ्याने त्या उजेडाच्या दिशेने पट मारायचा. पाच-पाच रुपयांच्या पैजा. आणि शेडमध्ये अली शेरचं नाव. दिल्लीतल्या एका कॅडीचा मुलगा, स्वतः कॅडी, आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. आमच्यातल्या एकानेही त्याला खेळताना पाहिलेलं नव्हतं. पण कोणाचा फटका सरळ गेला की सगळे ओरडायचे, "आला रे अली शेर!"

मला त्या चार काठ्यांच्या खेळात जेवढं हसल्याचं आठवतं, तेवढं नंतर कुठेच आठवत नाही. पण संत्या माझा मित्र आहे, असं मी तेव्हा कधी स्वतःशी म्हटलं नाही. तो होताच. हवेला कोणी हवा म्हणत नाही. मैत्री हा शब्द मी साहेबांसाठी राखून ठेवला होता. ती मला विशेष वाटायची. एवढा मोठा माणूस, आणि माझ्याशी बोलतो.

हँडिकॅप

गोल्फमध्ये एक सुंदर गोष्ट आहे, तिला हँडिकॅप म्हणतात. तुम्ही साधारण किती चांगलं खेळता याचा तो आकडा. हल्लीच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांमधल्या सगळ्यात चांगल्या ८ निवडून त्यांची सरासरी काढतात. त्या आकड्यानुसार कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट मिळते. मग सत्तर वर्षांचा माणूस आणि त्याचा पंचवीस वर्षांचा नातू एकमेकांविरुद्ध खरंखुरं खेळू शकतात, आणि कोण जिंकेल ते सांगता येत नाही. टेनिसमध्ये किंवा बुद्धिबळात कच्चा आणि पक्का खेळायला बसले तर दोघांनाही कंटाळा येतो. इथे दोघांनाही घाम फुटतो.

साहेब म्हणायचे, "बघ, या खेळाने माणसांमधलं अंतर मोजलं आणि भरून काढलं."

सगळं अंतर नाही. क्लबहाउसच्या पायऱ्या आम्ही कधी चढलो नाही. पाणी शेडमधल्या माठातलं. साहेब आत गेले की मी बॅग पुसून बाहेर ठेवायचो. त्यात कोणी वाईट वागत होतं असं नाही. ते तसंच असतं, असं सगळ्यांना वाटायचं, मलाही. पुढे कधीतरी पापवा सेवगोलम यांच्याबद्दल वाचलं. दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा खेळाडू, तोही आधी कॅडीच. हातांची पकड उलटी, तरी डच ओपन तीनदा जिंकलेला. १९६३ साली त्याने नाताल ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबहाउसमध्ये जाता आलं नाही. बाहेर पाऊस पडत होता. त्याने करंडक पावसात उभं राहून घेतला. बाकीचे आत, कोरडे. फटक्यांचा हिशोब चोख होता. बाकीचा हिशोब कोणी मांडलाच नव्हता.

तरी साहेबांनी माझ्यासाठी बरंच केलं. बारावीची फी त्यांनी भरली. नंतर कॉलेजची दोन वर्षांची फीही. गणिताची पुस्तकं आणून दिली. पंधराव्या होलवरच्या बाकावर बसून त्यांनी मला इंटिग्रेशन शिकवलंय, स्कोअरकार्डच्या मागच्या बाजूला लिहून. मी त्यांचं मीठ खाल्लं होतं, आणि त्या मिठाला जागायचं मी ठरवलं होतं.

बाभळीखाली

फेब्रुवारी २००९. ज्येष्ठ सभासदांची दोन दिवसांची स्पर्धा होती. साहेब पस्तीस वर्षं खेळत होते आणि आयुष्यात एकही कप जिंकला नव्हता. दुसऱ्या दिवशी पंधरा होल झाले तेव्हा ते आणि त्यांचे एक जुने सहकारी बरोबरीत होते. दोघं एकाच गटात. सहकाऱ्यांची बॅग संत्याच्या खांद्यावर.

सोळाव्या होलवर साहेबांचा दुसरा फटका डावीकडे गेला, रफमध्ये, बाभळीच्या दिशेने. नेहमीप्रमाणे मी पुढे पळालो. बॉल सापडला. तो बाभळीच्या मुळाला अगदी चिकटून होता, मुळाच्या मागे. तिथून ग्रीनकडे मारता येणं शक्य नव्हतं. आडवा बाहेर काढायला लागला असता, एक फटका वाया, आणि गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या त्या माणसाला मूळ लागून मनगट दुखावलं असतं ते वेगळंच.

साहेब साठ-सत्तर पावलं मागे होते. मी उभा होतो. कॅडी लोकांचे पाय हातासारखे चालतात. अंगठा आणि बोट यांच्यात बॉल धरून मी तो उजवीकडे सरकवला. वीतभर. खाली वाकलोही नाही.

मग मान वर केली. संत्या पलीकडे फेअरवेच्या कडेला, पंचवीस पावलांवर उभा होता. तो आभाळात बघत नव्हता.

साहेब आले. बॉल पाहून म्हणाले, "नशीब आहे रे आज." सात नंबर मागितली. फटका ग्रीनवर गेला. दोन पट, पार. शेवटच्या होलनंतर ते एका फटक्याने जिंकले.

नियम काय सांगतो ते मला पाठ होतं. कॅडीची चूक ही खेळाडूची चूक. कॅडीने बॉल हलवला आणि तो परत जागेवर न ठेवता खेळला, तर दोन फटके दंड. म्हणजे साहेब एका फटक्याने हरले होते. फक्त हे दोघांनाच माहीत होतं, आणि ते दोघं बॅगा पुसत होते.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला हजार रुपये बक्षीस दिलं. कप छातीशी धरून ते गाडीत बसले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, आणि खरं सांगायचं तर तो चेहरा आठवून मला आजही आनंद होतो. संत्याचे साहेब रागातच निघून गेले. रोजची मजुरी कॅडी मास्टरकडे ठेवली, वर एक रुपया नाही.

मी संत्याला पाचशेची नोट द्यायला गेलो. त्याने ती बघितली. म्हणाला, "ते तुझ्याकडेच ठेव. वडापाव दे." मी दोन वडापाव घेतले. आम्ही खाल्ले. विषय संपला असं मला वाटलं.

संपला नव्हता. पुढच्या सोमवारपासून एक नवी रीत सुरू झाली. माझा बॉल झाडाखाली गेला की संत्या पाठ फिरवून उभा राहायचा. मोठ्याने म्हणायचा, "मार रे तू. मी काही बघत नाय." सगळे हसायचे, कशाला ते त्यांना माहीत नव्हतं. मीही हसायचो.

दोन प्रकारचं मीठ

कॉलेजला गेल्यावर एका वैकल्पिक विषयात ॲरिस्टॉटल वाट्याला आला. त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचे दहा भाग आहेत, त्यातले दोन, आठवा आणि नववा, मैत्रीवर. तो मैत्रीचे तीन प्रकार करतो. एक उपयोगाची, एक मजेची, आणि एक अशी की जिच्यात समोरच्याचं भलं त्याच्यासाठीच हवं असतं, आपल्यासाठी नाही. पहिल्या दोन लवकर विरतात, कारण उपयोग संपला की किंवा मजा संपली की माणूसही संपतो. तिसरी टिकते, पण दुर्मिळ असते आणि तिला वेळ लागतो. वेळ लागतो हे सांगताना तो एका म्हणीचा आधार घेतो. दोन माणसं एकमेकांना ओळखू लागण्याआधी त्यांनी बरोबर बसून पुष्कळ मीठ खायला हवं, अशा अर्थाची ती म्हण आहे.

मी त्या पानावर थांबलो. कारण आपल्याकडेही मीठ आहे, पण ते वेगळं आहे. आपण म्हणतो खाल्ल्या मिठाला जागावं. यात एक जण मीठ देतो आणि दुसरा खातो. जो खातो तो जागतो. हे चाकराचं मीठ आहे. ॲरिस्टॉटलच्या म्हणीत दोघं एकाच ताटाशी बसलेत, कोण कोणाला वाढतंय याचा पत्ता नाही. ते मित्रांचं मीठ आहे.

आपल्याकडे मिठाला जागण्याचं सगळ्यात मोठं नाव कर्णाचं. भर मैदानात सगळे त्याची जात विचारत असताना दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा राजा केलं. कर्ण ते उपकार मरेपर्यंत विसरला नाही. लहानपणी मला कर्णच आवडायचा, तुम्हालाही आवडत असेल. पण मोठेपणी एक गोष्ट खटकायला लागली. एवढा जवळचा मित्र, आणि दुर्योधनाला त्याने कधी थांबवलं नाही. द्यूतसभेत तर आगीत तेलच ओतलं. ज्याने आपल्याला वर उचललं त्याला, तू चुकतोयस, असं म्हणायला जी जागा लागते ती कर्णाला कधी मिळाली नाही. किंवा त्याने घेतली नाही. कर्ज डोक्यावर असलं की माणूस मित्रासाठी जीव देऊ शकतो, पण त्याला खरं सांगू शकत नाही. जीव देणं त्या मानाने सोपं असावं.

मी बाभळीखाली जे केलं त्याला मी तोवर प्रेम म्हणत होतो. आता शंका यायला लागली. ते प्रेम होतं, की मी हप्ता फेडला होता?

दिवाळी

सहा वर्षं गेली. मी नोकरीला लागलो. साहेबांचे गुडघे पूर्ण गेले, खेळ सुटला. दर दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळाचा डबा घेऊन जायचो. दर वेळी तो कप टीव्हीच्या शेजारी दिसायचा. चकचकीत. २०१५च्या दिवाळीत त्यांनी शेजारच्या कोणा मुलाला माझ्यासमोरच सांगितलं, "हा माझा कॅडी होता तेव्हाचा. याच्यामुळे जिंकलो." ते कौतुकानेच बोलले. मुलगा गेल्यावर मी सांगून टाकलं.

किती वेळ ते गप्प होते माहीत नाही. चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत बसले. मी घाईघाईने म्हणालो, "नियमाप्रमाणे निकाल बदलत नाही, साहेब. स्पर्धा संपली, तुम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे दंड लागत नाही." हे खरंच होतं. नियमांचं पुस्तक अजाणतेपणाला माफ करतं.

ते म्हणाले, "नियम मला नको सांगू." मग म्हणाले, "मला हरता येत नाही, असं वाटलं तुला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तयारी करून गेलो होतो ती रागाची किंवा माफीची. हे मी कधी डोक्यातच आणलं नव्हतं. पस्तीस वर्षं हा माणूस हरत होता आणि दर वेळी हात मिळवून हसत घरी जात होता. हरणं हे त्यांना खेळातलं सगळ्यात चांगलं जमत होतं. आणि मी, ज्याला त्यांचा प्रत्येक पट कुठे वळणार ते माहीत, त्याने त्यांना दुबळं ठरवलं होतं. कीव केली होती. सतरा-अठराव्या वर्षी लोक आमची कीव करायचे तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तेच मी त्यांना दिलं, कपात घालून.

तेव्हा माझ्यापुरतं एक उत्तर मिळालं. मित्रासाठी केलेल्या लबाडीत मित्राचा अपमान असतो. आपण त्याच्या वतीने ठरवलेलं असतं की खरं त्याला झेपणार नाही. जॅक निकलॉसने १९६९च्या रायडर कपमध्ये अगदी शेवटच्या होलवर टोनी जॅकलिनला दोन-एक फुटांचा पट मारायलाच न लावता देऊन टाकला. दोन्ही संघ १६-१६ असे बरोबरीत सुटले, त्या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच. ते औदार्य होतं, कारण ते सगळ्यांसमोर, नियमात बसणारं आणि स्वतःच्या खिशातून होतं. माझं औदार्य झाडामागे होतं, आणि दुसऱ्याच्या खिशातून.

दुसऱ्याच्या, हे साहेबांच्या लगेच लक्षात आलं. ते उठले, कप पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सहकाऱ्यांना फोन लावला. मग मला म्हणाले, "नेऊन दे. बॅग उचललीस तसा हाही उचल."

सहकाऱ्यांनी दारातच कप घेतला, उलटा करून बघितला आणि हसले. "पॉलिश करत होता वाटतं." मी कोण ते मी सांगितलं. त्यांना माझा राग आला नाही, सहा वर्षांनी कोण रागावतो. आत बोलावून चहा दिला. चहा पिताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी माझी बॅग कोणाकडे होती रे?"

"संतोषकडे," मी म्हणालो.

"कोण संतोष?"

त्यांना आठवेना.

पाठ

घरी येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला. कोण संतोष? मला त्यांचा राग आला, आणि थोड्या वेळाने कळलं की तो राग माझ्यावर आहे.

सहा वर्षं माझ्या मनात जे खटकत होतं त्यात साहेब होते, ॲरिस्टॉटल होता, कर्ण होता. संत्या फक्त साक्षीदार म्हणून होता. त्या दिवशी त्याचा खेळाडू जिंकला असता तर बक्षीस त्याला मिळालं असतं. ते माझ्यामुळे गेलं. तोंड उघडलं असतं तर ते त्याला परत मिळालं असतं, आणि माझं काम गेलं असतं, फी गेली असती, कदाचित कॉलेजही. त्याने तोंड उघडलं नाही. माझ्या सगळ्या शिक्षणाच्या तळाशी एका माणसाचं गप्प बसणं होतं, आणि मी त्याची किंमत एक वडापाव लावली होती.

साहेबांची माफी मागायला मी सहा वर्षं धीर गोळा केला. संत्याची मागायला हवी हे सुचलंच नाही. कारण उघड आहे. साहेबांच्या नजरेत मी कोण आहे याची मला काळजी होती. संत्याच्या नजरेत मी कोण आहे ते ठरलेलंच आहे, असं मी धरून चाललो. बरोबरीच्या माणसाला आपण गृहीत धरतो, आणि वरच्या माणसाशी असलेल्या नात्याला मैत्री म्हणून मिरवतो. ज्याच्याबरोबर खरोखर पुष्कळ मीठ खाल्लं होतं, तो माणूस ओढ्यात पाय सोडून माझ्या शेजारीच बसला होता.

आता एक प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. संत्या गप्प बसला हेही खोटंच नव्हतं का? मी साहेबांसाठी केलं ते चूक, तर संत्याने माझ्यासाठी केलं ते बरोबर कसं? त्याच्या गप्प बसण्याने त्याच्या खेळाडूवर अन्याय झालाच. मला वाटतं फरक एवढाच आहे, की मी साहेबांपासून लपवलं. संत्याने माझ्यापासून काही लपवलं नाही. जगाला त्याने सांगितलं नाही, पण मला दर सोमवारी सांगितलं. "मी काही बघत नाय" म्हणजे मी बघितलंय. त्याने मला वाचवलं, पण विसरू दिलं नाही. हे पुरतं बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. पण मित्राने करायच्या गोष्टींमध्ये ते माझ्या कृत्यापेक्षा पुष्कळ वरचं आहे.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली आणि मागच्या गेटने गेलो. कॅडी मास्टर बदलला होता, पण शेडमध्ये मला ओळखणारे होते. संत्या अजून बॅगाच उचलतो. अधूनमधून नवीन सभासदांना स्विंग शिकवतो, त्याचे वेगळे पैसे मिळतात. त्याने बूट घातले होते. म्हणाला, "टाच दुखते."

ओढ्याजवळ बसल्यावर मी सगळं सांगितलं, कप, साहेब, चहा. मग म्हणालो, "तुझं नुकसान केलं मी तेव्हा. आणि कधी बोललो नाही."

तो हसला. "सहा वर्षांनी? व्याज किती लावू?" मग थोडा वेळ पाण्यात बघत राहिला. "हजार रुपयाचं नव्हतं रे. दुसऱ्या दिवशी तू काहीतरी बोलशील असं वाटलं होतं. तू नोट काढलीस."

एवढंच. पुढे त्याने काही म्हटलं नाही, मीही नाही.

साहेब २०१८ साली गेले. शेवटपर्यंत मी त्यांना साहेबच म्हणालो, ते मला काका म्हण असं कधी म्हणाले नाहीत आणि क्लबहाउसच्या पायऱ्या मी आजही चढलेलो नाही. तरी त्या दिवाळीनंतर आमच्यात काहीतरी सरळ झालं होतं. माझ्या पहिल्या मोठ्या चुकीबद्दल ऑफिसात बोलणी बसली तेव्हा मी सल्ल्यासाठी त्यांनाच फोन केला, आणि त्यांच्या मुलीशी बिनसलं तेव्हा त्यांनी मला. ती मैत्री होती का? मला वाटतं, होती. जेवढी जागा होती तेवढ्यात बसलेली.

संत्याला मी महिन्यातून एखाद्या सोमवारी भेटतो. माझ्याकडे आता स्वतःची बॅग आहे, जुनी, विकत घेतलेली. दोघं तीच वापरतो. मागच्या पावसाळ्यात माझा बॉल पुन्हा त्याच बाभळीकडे गेला. मुळाच्या मागे नव्हता, पण गवत दाट होतं आणि फांदी आडवी येत होती. संत्याने सवयीने पाठ फिरवली.

मी म्हणालो, "संतोष, इकडे बघ."

तो वळला. मी मारलं. फांदीला लागून बॉल जेमतेम दोन हात पुढे गेला आणि चिखलात रुतला. संत्या पोट धरून हसला, मग जवळ येऊन त्याने मोजलं.

"एक," तो म्हणाला. "मार अजून."